प्रवासात नदीकाठच्या उद्यानात पक्षी आणि देखावे टिपायचे आहेत, छोट्या लेन्सवर भागेल का?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात घरच्यांबरोबर लांबच्या प्रवासाला निघते आहे. तीन-चार शहरांत मुक्काम आहे. नकाशा पाहताना लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर नदी आहे आणि नदीला लागून मोठं सार्वजनिक उद्यान. दिवसाचा कार्यक्रम सगळ्यांचा मिळून ठरतो, त्यात माझ्या फोटोंसाठी कुणाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. पण बाकीचे उठून आवरेपर्यंतची सकाळ माझी एकटीची आहे आणि ती मला नदीवर घालवायची आहे.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. पक्ष्यांचं वेड जुनं आहे, नेहमीचे पक्षी ओळखता येतात. देखाव्यांची ओढही तितकीच आहे. बाहेर पडलं की मनाची ओढाताण सुरू होते ती यामुळेच. पाण्यावर सुरेख उजेड आलाय म्हणून छोटी लेन्स लावावी, तर नेमका तेव्हाच खंड्या समोरून सुळकन जातो. मोठी लावून खंड्याची वाट बघत बसावं, तर तोवर धुकं विरून गेलेलं असतं.

म्हणून विचारते. या प्रवासापुरती १००-४०० किंवा १५०-६०० भाड्याने घ्यावी का? अनोळखी उद्यानात पहिल्याच सकाळी नेमकं कुठे उभं राहायचं हे तुम्ही कसं ठरवता? ट्रायपॉड न्यायचा का? आणि पक्षी व देखावे एकाच फेरीत खरंच जमतात, की सकाळ सरळ वाटून घ्यावी?

प्रवासात नेमाने असं करणाऱ्यांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

लांबपल्ला

माझं मत स्पष्ट आहे, लांब लेन्स घ्या. शहरातले पक्षी माणसाला सरावलेले असले तरी नदीच्या पलीकडचा पक्षी पलीकडेच राहतो. १५०-६०० प्रकारातल्या लेन्स जवळपास दोन किलोच्या असतात, त्या घरच्यांबरोबरच्या प्रवासात नकोत. पण आता हलक्या लेन्स मिळतात. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, सोनीची क्रॉप सेन्सरसाठीची ७०-३५० साधारण तेवढ्याच वजनाची. अशा लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, लांब टोकाला लहान असतं, कॅननचं तर एफ ८. त्यामुळे उजाडता उजाडता आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००-६४०० पर्यंत न्यावा लागतो, पण आजच्या कॅमेऱ्यांना तो झेपतो. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा, नॉइज (फोटोतले दाणे) घरी कमी करता येतो. हललेला फोटो मात्र काही केल्या सुधारत नाही.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. ट्रायपॉड ठेवून द्या, हातात धरूनच काढा.

पूलपाहणी

पहाटफेरीताई, लेन्सआधी नदीबद्दल लिहितो, कारण उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

माझी सगळी नोकरी पुलांच्या पाहणीत गेली. सतत नवीन शहर, नवीन नदी. काम सुरू व्हायच्या आधी काठावर पोहोचायचं आणि गळ्यात कॅमेरा अडकवायचा, हा क्रम निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. पुलाच्या पायाखालची माती कुठे वाहून जाते आणि कुठे साचते हे बघणं माझं काम होतं. पक्षी शोधायलाही नेमकी तीच नजर लागते.

उपग्रहाच्या नकाशात आधी नदीचं वळण शोधा. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो, वाळू आणि गाळ साचतो, पाणी उथळ राहतं. बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ खात जातो, तिथे डोह. पाण्यात पाय टाकून चालणारे, म्हणजे बगळे, शेकाटे, तुतवार, हे आतल्या काठाला सापडतील. पाणकावळे आणि बुडी मारणारी बदकं बाहेरच्या खोल अंगाला. पुलाच्या खांबाच्या खालच्या बाजूला पाणी घुटमळतं, तिथे छोटे मासे दम खातात आणि त्यांच्यावर कुणाची तरी नजर असतेच. बंधारा असेल तर इतर सगळं सोडून त्याच्या खालच्या अंगाला जा. पाण्याबरोबर खाली आलेले मासे तिथल्या खळबळीत भांबावलेले असतात आणि बगळे अगदी ठरल्यासारखे रांगेने उभे राहतात. याखेरीज नाला जिथे नदीला मिळतो ते तोंड, पाण्यावर झुकलेली वाळकी फांदी आणि नाव बांधायचे खुंट ही खंड्याची ठिकाणं. खंड्या ठरलेल्या बैठकीवर पुन्हा पुन्हा येतो. तो उडून गेला म्हणून त्याच्या मागे जाऊ नका. फांदीवर फोकस धरून बसा, तोच परत येईल.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या उद्यानाचा हॉटस्पॉट, म्हणजे पक्षी पाहण्याची नोंदलेली जागा आहे का तेही निघायच्या आधी पाहा. कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये ऑड्युबॉन संस्थेबरोबर ते सुरू केलं. कोणत्या महिन्यात तिथे काय दिसतं हे त्यात पट्ट्यांच्या आलेखातून चटकन कळतं. त्यांच्याच पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपमध्ये त्या प्रदेशाचा पक्षीसंच आधी उतरवून ठेवा, नेटवर्क नसतानाही चालतो.

आता उजेड. पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून समोरच्या पक्ष्यावर पडतं, पिसांचे रंग उघडतात, डोळ्यात चमक येते. पश्चिमेच्या काठावरून पूर्वेकडे पाहिलं तर पक्षी काळी आकृती होतो आणि पाणी, धुकं, पूल यांच्या कडा पेटतात. मला दोन्ही हवं असतं, म्हणून पायी पूल ओलांडता येईल अशी जागा निवडतो. उजाडण्याआधी पश्चिम काठ, सूर्य जरा वर आला की पुलावरून पलीकडे. तुमची ओढाताण इथेच अर्धी कमी होईल. पहिला उजेड देखाव्याचा आणि आकृत्यांचा, त्यानंतरचा रंगांचा आणि पिसांचा.

हा मऊ उजेड किती टिकतो ते तुम्ही कुठे जाताय त्यावर आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ वर चढतो, क्षितिजापासून ६ अंश चढायला त्याला अर्धा तासही लागत नाही. ५० अक्षांशाच्या आसपास तो तिरका चढतो, तिथे हीच चढण ४० मिनिटांच्या घरात जाते आणि हिवाळ्यात त्याहून लांबते. गरम प्रदेशात म्हणूनच अंधारात घराबाहेर पडावं लागतं. सूर्य उगवल्यावर बूट बांधायला घेतले तर वेळ गेली.

वाऱ्याकडे फार थोडे लोक बघतात, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. पक्षी वाऱ्याला तोंड करून उडतो आणि उतरतानाही वाऱ्याला तोंड करतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर उडणारा पक्षी तुमच्याकडे येईल. वारा तोंडावर असेल तर सकाळभर शेपट्यांचे फोटो मिळतील. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असतील अशी जागा सापडली की तिथून हलू नका.

उडण्याची तऱ्हाही आधी कळते. पाणकावळा आणि वारकरी यांना पाण्यावरून धावत जाऊनच हवेत उठावं लागतं, त्या धावण्यात पाण्याचे तुषार उडतात आणि तुम्हाला कॅमेरा उचलायला पुरेसा वेळ मिळतो. उथळ पाण्यात चरणारी बदकं मात्र जागेवरून उभी उसळतात. पुष्कळ पक्षी उडण्याआधी अंग पुढे झुकवतात, शीट टाकतात. ते दिसलं की बोट शटरवर असलं पाहिजे. पंख पसरून बसलेला पाणकावळा कुठेही गेलात तरी भेटेल. त्याची पिसं पाणी शोषतात म्हणून तो सहज बुडी मारू शकतो, आणि म्हणूनच नंतर त्याला पंख वाळवत बसावं लागतं. तो बराच वेळ हलत नाही. घाई न करता त्याच्या मागे काय येतंय ते बघून दोन पावलं डावीकडे-उजवीकडे सरका.

आता तुमच्या लेन्सचा हिशेब. क्रॉप सेन्सरवर २५० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ४००. वीस मीटरवर तुमच्या चौकटीत साधारण १.८ मीटर रुंदीची जागा मावते आणि उंची १.२ मीटर. राखी बगळा जवळपास मीटरभर उंच. तो वीस मीटरवर उभा असेल तर चौकट भरतो, आणखी लेन्स कशाला हवी? खंड्याचा छोटा प्रकार १६-१७ सेंटीमीटरचा. तो त्याच अंतरावर चौकटीच्या रुंदीचा दहावा भाग होईल. ४०० मिमी लावली तर सातवा भाग. म्हणजे भाड्याच्या लेन्सने जो फरक पडतो, तोच वीस मीटरवरून साडेबारा मीटरवर आलात की फुकट पडतो. आणि उद्यानात एवढं जवळ जाता येतं, कारण तिथले पक्षी रोज चालणाऱ्यांना सरावलेले असतात. ते घाबरतात वाट सोडून थेट आपल्या रोखाने येणाऱ्याला. म्हणून वाटेवरूनच चाला, तिरके जा, पक्ष्याकडे टक लावू नका, योग्य ठिकाणी आलात की खाली बसा आणि बसूनच राहा. तुम्ही बसलात की थोड्या वेळाने कडेने फिरणारा धोबी पायापाशी येतो, टिबुकली अंतर कमी करते.

खाली बसण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितकी पार्श्वभूमी मागे लांब जाते आणि धूसर होते. शिवाय पाण्याकडे जितक्या कमी कोनातून पाहाल तितकं प्रतिबिंब गडद आणि स्पष्ट. उभ्याने हिरवट पाणी दिसतं, बसल्यावर त्याच जागी आकाश आणि पूल दिसतो.

आणि आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. पक्षी आणि देखावा या दोन वेगळ्या कामगिऱ्या धरू नका. प्रवासात तुम्हाला जो बगळा दिसेल तो तुमच्या नेहमीच्या पाणवठ्यावरच्या बगळ्यापेक्षा काही निराळा नसतो. राखी बगळा, रातबगळा, पाणकावळा यांचा संचार प्रचंड मोठ्या भूभागावर आहे. रातबगळा तर ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आढळतो. त्याचा चौकट भरून फोटो काढला तर तो कुठला हे तुम्हालाही काही वर्षांनी सांगता येणार नाही. वेगळी असते ती जागा. कमानींचा पूल, दगडी घाट, पलीकडच्या इमारतींची रांग, त्या प्रदेशाचं झाड, त्या सकाळचं धुकं. त्या सगळ्यात तो पक्षी कुठे बसला होता, कुणाशेजारी, किती एकटा किंवा किती गर्दीत, हे टिपायला ५५ ते १०० मिमी पुरतं आणि ते तुमच्याकडे आहे.

हे काढताना क्रम उलटा करतो. आधी देखावा बांधतो, एफ ८ ला, पक्षी नसतानाच. मग त्या चौकटीत कुठे रिकामी जागा आहे ते ठरवतो. पुलाच्या दोन खांबांमधली फट, प्रतिबिंबातला उजळ पट्टा, धुक्यातून वर आलेली फांदी. आणि थांबतो. कुरव किंवा घार त्या फटीत येईपर्यंत थांबायचं. नदीवरचे पक्षी ये-जा करतात ते मार्ग बरेचसे ठरलेले असतात. एकदा एक बगळा पुलाच्या ठरावीक कमानीखालून गेला की मागचे बहुतेक तिथूनच जातात.

ट्रायपॉडबद्दल लांबपल्ला यांच्याशी सहमत. उद्यानात तो वाटेत येतो. कठडा आणि पिशवी पुरते.

पहाटफेरी

पूलपाहणीकाका, काय लिहिलंय! वळणाची आतली आणि बाहेरची बाजू ही गोष्ट मी शाळेत शिकले होते, पण पक्ष्यांशी कधीच जोडली नव्हती. लगेच नकाशे उघडून बसले. पहिल्याच शहरात उद्यान नेमकं वळणाच्या आतल्या बाजूला आहे आणि जवळ पादचारी पूलही दिसतोय!

दोन शंका. पांढऱ्या बगळ्याचा फोटो काढला की तो पांढराफटक होतो, पिसं दिसतच नाहीत. आणि पोलरायझर (चकाकी काढणारा फिल्टर) न्यावा का? देखाव्यांसाठी घेऊन ठेवलाय.

लांबपल्ला

काकांचा हिशेब बरोबर आहे, तरी एक हरकत नोंदवतो. देखाव्यात पक्षी म्हणताना पुष्कळदा नुसता ठिपका उरतो. पाहणाऱ्याला सांगावं लागतं की बघा, तो तिथे कोपऱ्यात पक्षी आहे. असा फोटो मला पुरा वाटत नाही.

पूलपाहणी

हरकत रास्त आहे. म्हणून त्या पक्ष्याला ओळखू येईल असा आकार आणि मोकळी पार्श्वभूमी या दोन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. उभ्या बगळ्याची मान, पाणकावळ्याचे पसरलेले पंख, टिटवीचे लांब पाय. आकृती स्वच्छ असेल तर पक्षी चौकटीच्या विसाव्या भागाएवढा असला तरी नजर पहिल्यांदा त्याच्यावरच जाते. तोच पक्षी झाडोऱ्यात मिसळला असेल तर चौथा भाग व्यापूनही हरवतो. मान खांद्यात घालून बसलेला बगळा लांबून नुसता दगड दिसतो, तेव्हा शटर दाबू नये. तो मान काढेपर्यंत वाट पाहावी.

ताई, पांढऱ्या बगळ्याचं कारण असं. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढून तिला मध्यम राखाडी करायला बघतो. गडद पाणी चौकटभर आणि मध्ये छोटा पांढरा पक्षी, म्हणजे कॅमेरा पाण्याला उजळ करतो आणि पक्षी जळतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे २/३ ते उणे १ करा, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. जळालेल्या भागावर लुकलुकणारा इशारा सुरू ठेवा. चकाकत्या पाण्यासमोरचा पाणकावळा असेल तर उलट, अधिक १ पर्यंत जावं लागतं. धुक्यातही अधिक करा, नाहीतर पांढरं धुकं मळकट राखाडी येतं. ऊन स्थिर असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जातो, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवतो. एकदा बगळ्यावर मोजून घेतलं की तो पाण्यासमोरून झाडीसमोर गेला तरी त्याच्यावरचं ऊन तेच आहे, म्हणून आकडेही तेच राहतात.

पोलरायझर न्या, पण सकाळी काढून ठेवा. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि तुम्ही ज्या प्रतिबिंबासाठी खाली बसलात तेच पुसून टाकतो. ऊन वर आल्यावर पानांवरची चकाकी काढायला किंवा उथळ पाण्यातले दगड-मासे दाखवायला तो उपयोगी.

धुकं हवं असेल तर रात्रीकडे लक्ष ठेवा. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा पाण्यापेक्षा बरीच गार असेल तर पहाटे नदीतून वाफ उठते. बंधाऱ्याखाली खळाळत्या पाण्यावर ती जास्त दाट दिसते. अशा सकाळी देखाव्याची बाजू घ्या, खंड्या पुन्हा कधीतरी भेटेल.

पाणथळ

वर सगळं तंत्र आलं आहे, मी पक्ष्यांच्या बाजूने थोडं लिहिते. मी उद्यानांमधल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवते आणि फोटो काढणाऱ्यांच्या पायी काय होतं ते जवळून पाहते.

जवळ जाताना टक न लावता पक्ष्याच्या हालचालीवर लक्ष ठेवा. तो खात होता आणि खाणं थांबवून मान ताठ केली, तर तुमचं शेवटचं पाऊल जास्तीचं होतं. तिथेच थांबा, हवं तर मागे व्हा. तो पुन्हा खायला लागला की समजायचं की त्याने तुम्हाला स्वीकारलं. उडायला लावून काढलेल्या फोटोची किंमत त्या पक्ष्याने दिलेली असते. स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याला खाण्याचा आणि विसाव्याचा एकेक तास लागतो. सकाळभर दहा जणांनी उठवलं तर तो भुकेला राहतो.

उद्यानातल्या मोठ्या झाडांवर बगळे आणि पाणकावळे एकत्र घरटी करतात, त्याला सारंगागार म्हणतात. विणीच्या काळात अशा झाडाखाली गर्दी करू नये. आईबाप उठले की अंडी आणि पिल्लं कावळ्यांना आणि उन्हाला उघडी पडतात. फ्लॅश नको, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं नको. नर आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून सारखा भांडायला धावतो आणि त्याची शक्ती वाया जाते. बदकांना पाव टाकून जवळ आणणारे तर सगळीकडे भेटतात. पावाने पोट भरतं, पोषण मिळत नाही, आणि उरलेला पाव पाण्यात कुजून शेवाळ वाढतं. शेजारचा कुणी टाकत असेल तर त्याच्या आडून फोटो काढून घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

दुर्मीळ पक्षी किंवा घरटं सापडलं तर फोटो टाकताना जागा लिहू नका. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप जाते, ती आधी बंद करा. ईबर्डसुद्धा संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा झाकून ठेवतं.

नवीन शहरात फाटकावरचा फलक वाचायचा कंटाळा करू नये. पुष्कळ उद्यानांत ट्रायपॉड लावला की तो व्यावसायिक फोटोग्राफी धरतात आणि परवानगी मागतात. ड्रोनला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि देखाव्यात माणसं येणार असतील, विशेषतः मुलं, तर आधी विचारा. हसून कॅमेरा दाखवला तरी भाषेवाचून काम होतं.

पहाटफेरी

पाणथळताई, फार आवश्यक लिहिलंत. मोबाइलमधली जागेची नोंद आत्ताच बंद केली. पावाबद्दल घरातल्या मुलांनाही वाचून दाखवलं, त्यांना ते नवीन होतं.

लेन्स भाड्याने घेत नाही, ठरलं. काकांच्या हिशेबानंतर मन अगदी स्वस्थ झालं. आता प्रवासाबद्दल विचारते. मुक्कामाची खोली एसीची असते, पहाटे बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. पाहता पाहता पहिला उजेड जातो. शिवाय उशिरा काढलेले लांबचे फोटो मऊ येतात, फोकस बरोबर असूनही. आणि शेवटचं शहर समुद्राजवळ आहे, नदी तिथे खाडीसारखी रुंद होते. तिथे काही वेगळं करायचं का?

लांबपल्ला

वाफेचं उत्तर माझ्याकडे आहे. गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा आली की पाणी धरणारच, पुसून उपयोग नाही. रात्री कॅमेरा बॅगेत बंद करून खोलीतल्या सगळ्यात कमी गार जागी ठेवा, बाथरूममध्ये किंवा बंद कपाटात. निघताना बॅग न उघडता बाहेर न्या. वीस-तीस मिनिटांत आतलं सामान बाहेरच्या तापमानाला येतं, तोवर चालत नदीवर पोहोचाल. थंड प्रदेशात याच्या उलट, बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, म्हणजे पाणी पिशवीवर धरेल.

मऊ फोटोंचं कारण तापलेली हवा. ऊन चढलं की काँक्रीटची वाट आणि वाळू तापते, वरची हवा थरथरते आणि लांबचं सगळं त्या थरथरीतून दिसतं. महागातली लेन्सही इथे काही करू शकत नाही. इथे मी काकांच्या बाजूला येतो, अंतर कमी करणं हाच उपाय. फरसबंदीपेक्षा हिरवळीवरून काढा आणि नऊनंतर लांबचे फोटो सोडून सावलीतले जवळचे पक्षी घ्या.

विमानप्रवास असेल तर जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकं झाकलेली असावीत. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सहसा २० च्या आत असतात.

पूलपाहणी

समुद्राजवळच्या शहरात घड्याळाआधी भरतीचं कोष्टक पाहा. तिथे नदी रोज वरखाली होते आणि काठ दर तासाला वेगळा दिसतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तुतवार, टिवळे, शेकाटे त्यावर पसरतात, पण लांब, पाण्याच्या कडेला. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्या काठाकडे ढकलत आणतं. म्हणून ओहोटी संपता संपता जाऊन बसा आणि पाणी चढू द्या. बसताना मात्र काठ उंच आणि परतीची वाट कोरडी राहील अशीच जागा घ्या. चिखलात उतरू नका, तो दिसतो त्याहून खोल असतो आणि भरती मागून वळसा घालून येते.

भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या सकाळी सहाला सापडलेलं दृश्य दुसऱ्या दिवशी सातच्या जवळपास मिळेल, तेव्हा ऊन बदललेलं असेल. दोन सकाळी मिळणार असतील तर ज्या सकाळी चढती भरती आणि कोवळं ऊन एकत्र येतं ती पक्ष्यांसाठी ठेवा, तेव्हा ५५-२५० लावूनच निघा. दुसरी सकाळ ओहोटीच्या चिखलावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं त्याला द्या, तिथे १८-५५ चालेल. आणि त्या चिखलावरून एखादा शेकाटा चालत गेला तर त्याच्या पावलांची नक्षीही चौकटीत घ्यायला विसरू नका. ती पुढच्या भरतीपर्यंतच असते.

पहाटफेरी

कोष्टक मिळालं. आमच्या दुसऱ्या सकाळी साडेपाचला ओहोटी आहे आणि सूर्योदय सहाच्या सुमारास. म्हणजे ऊन आणि चढतं पाणी बरोबरच येतंय! पहिली सकाळ देखाव्यांना. काठाची दिशा नकाशावर पाहिली तर उद्यान पूर्वेच्या बाजूला आहे, ऊन पाठीशी येईल. वारा तिथे गेल्यावर बघते. परत आल्यावर फोटो इथेच टाकेन, तेव्हा चौकटी कशा जमल्यात ते मोकळेपणाने सांगा.